सत्यभामाबाईंना आलेली किळस

सत्यभामाबाई गावंडेंना कशाची किळस येतच नाही, असं अमरावतीतल्या त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांचं ठाम मत होतं. त्याला कारणही तसंच होतं. बाईंनी सारी नोकरी एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. थुंकी, लघवी, शौच, पू यांच्या डब्या-बाटल्या सकाळपासून त्यांच्या टेबलावर रांगेनं यायच्या, आणि बाई एकेक झाकण असं उघडायच्या की जणू लोणच्याच्या बरण्या उघडताहेत. दुपारी हात कोपरापर्यंत साबणानं धुवायच्या, शेजारच्या खोलीत जाऊन डबा सोडायच्या आणि झुणका-भाकर खायच्या. नवीन लागलेलं एखादं पोरगं तोंडाला रुमाल लावून बाहेर पळालं, की म्हणायच्या, "काहून बापा पळून रायला? तुह्या पोटात काय गुलकंद भरलं हाय काय?"

त्या मूळच्या तिवस्याच्या. शेतीवाडीचं घर, गोठ्यात चार जनावरं. अडलेल्या म्हशीचं रेडकू बापाच्या बरोबरीनं त्यांनी ओढून काढलेलं. पुढं शिकून अमरावतीला नोकरी लागली तेव्हा भातकुलीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं विचारलं, पोरगी दवाखान्यात नेमकं काय करते? सत्यभामेनं सांगून टाकलं. त्या बाईनं हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि पदरानं बोटं पुसली. "आमच्या घरी सोवळंओवळं असते," म्हणाली. पाहुणे उठून गेले. घरातले रडले, सत्यभामा मात्र त्या उरलेल्या कपातला चहा पिऊन कामावर गेली. पुढं लग्नाचा विषय तिनंच कोणाला काढू दिला नाही. साईनगरात दोन खोल्यांचं घर घेतलं आणि एकटी राहिली, पण एकटेपणाचं रडगाणं तिच्या तोंडून कोणी ऐकलं नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र बाईंच्या डोळ्यांना काही सुचेना. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला लावलेला डोळा, तो सकाळी उठला की काहीतरी बारकाईनं पाहायला मागायचा. टीव्हीवर तो टिकत नव्हता. मग बिल्कीसनं त्यावर इलाज काढला. बिल्कीस म्हणजे चष्म्याच्या दुकानवाल्या गयासुद्दीनची बायको, बाईंची जुनी मैत्रीण. दोघी सकाळी वडाळी तलावाकडं फिरायला जायच्या. एक दिवस बिल्कीसनं दुकानातली दुर्बीण आणली आणि बाईंच्या गळ्यात घातली. म्हणाली, "ताई, इसमें देखो. तुमचा डोळा शांत होईल."

बाईंनी दुर्बीण लावली. काठावर एक कवड्या खंड्या बसला होता. काळा-पांढरा, डोक्यावर विस्कटलेली शेंडी. बाई इतका वेळ त्याच्याकडं पाहत उभ्या राहिल्या की बिल्कीसचे पाय दुखायला लागले. त्या दिवसापासून बाईंना पाखरांचा नाद लागला.

याच नादापायी त्या 'रानवाट पक्षीमित्र मंडळा'त गेल्या. मंडळ अमरावती आणि अकोल्याच्या लोकांचं मिळून होतं. त्याचा प्रमुख ललित. अकोल्यात त्याचे शिकवणी वर्ग होते, वय चाळिशीचं, बोलणं लोण्यासारखं. अमरावतीच्या एका सभागृहात त्याचं भाषण झालं होतं. पडद्यावर माळढोकाचं चित्र आलं तेव्हा त्याचा आवाज दाटला, त्यानं चष्मा काढून डोळे टिपले. बाईंनी शेजारी बसलेल्या बिल्कीसच्या कानात सांगितलं, "हा मानूस पाखरासाठी जीव टाकते वं." पुढं हे वाक्य आठवलं की बाईंना आपल्या कानाखाली वाजवून घ्यावीशी वाटे.

दसरा होऊन गेला आणि मंडळाची सहल ठरली. मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या राखीव जंगलात रानपिंगळा पाहायला. रानपिंगळा म्हणजे घुबडाच्या जातीचं मूठभर पाखरू. दिवसाउजेडी शिकार करतं आणि जगात फार थोड्या जागी उरलं आहे. बाईंनी पुस्तकात त्याचं चित्र पाहून ठेवलं होतं. आदल्या दिवशी त्यांनी तिळाच्या पोळ्या केल्या, दुर्बिणीच्या काचा पुसल्या आणि लहान पोरीसारख्या उजाडायची वाट पाहत बसल्या.

भल्या पहाटे गाडी निघाली. बिल्कीसही आली होती, तिला मागची सीट मिळाली. वलगाव मागं पडेपर्यंत गाडीत गाणी सुरू झाली होती. बाईंच्या शेजारच्या सीटवर अकोल्याचे खुशालराव बसले होते, निवृत्त तलाठी. त्यांच्या गालात खर्रा. सुपारी-तंबाखूचा तो ओला घोळ ते चघळायचे आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थुंकायचे. आसेगाव येईस्तोवर बाटली निम्मी तपकिरी झाली होती. पुढं बसलेली प्राजक्ता, मंडळाचे व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकणारी पोरगी, ती नाक दाबून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. गाडीतल्या सगळ्यांनीच तोंडं फिरवली.

बाईंनी मात्र बाटलीकडं निरखून पाहिलं आणि विचारलं, "तोंड किती उघडते तुमचं?"

खुशालराव गडबडले. "म्हंजे?"

"बोटं घालून पाहा. किती जातात?"

त्यांनी मुकाट्यानं प्रयत्न केला. "दोन."

"तीन जायले पाहिजेत. घरी गेल्यावर डॉक्टरले गाल दाखवा. आनि हे बंद करा."

खुशालरावांनी मान हलवली, बाटली पायाशी लपवली. पण बाईंना त्या बाटलीची किळस आली नव्हती. किळस यायला अजून अवकाश होता.

परतवाड्याला आलूबोंडे खायला गाडी थांबली तेव्हा बाईंच्या नाकाला दुसराच वास लागला. ओल्या भुशाचा, आंबूस, ओळखीचा. शिकत असताना कॉलेजच्या प्राणिगृहात असायचा तो. वास ललितच्या सीटखालच्या पिशवीतून येत होता.

"सर, पिशवीत उंदीर हायत काय?" बाईंनी सरळ विचारलं.

ललित हसला. "मॅडम, तुमचं नाक भारी आहे. पण ते तुमच्यासाठी नाहीत, आपल्या हिरोसाठी आहेत."

बाईंना अर्थ लागला नाही. त्यांना वाटलं, कुठल्यातरी जखमी पाखराला खायला घालायचं असेल. त्या आलूबोंडा खायला खाली उतरल्या.

वनखात्याच्या चौकीवर नावं देऊन मंडळी पायी आत शिरली. ऊन अजून कोवळं होतं. गवत कमरेच्या वर गेलेलं, कुसळं साडीला आणि सलवारीला टोचत होती. सागाची मोठाली पानं किड्यांनी खाऊन त्यांची जाळी झालेली, त्यातून ऊन गाळून खाली पडत होतं. नाल्यात डोहाडोहानं पाणी उरलं होतं. बाईंना सगळं पाहू की ऐकू असं झालं.

पण ऐकू यायचं ते माणसांचंच. पुढं चाललेल्या घोळक्यात कोणाच्या फ्लॅटची बोलणी चालली होती, कोणाच्या सुनेची उणीदुणी. वेफर्सची पाकिटं फुटत होती आणि तिथल्या तिथं गवतात पडत होती. एका बाईनं तोंड पुसलेला ओला कागद झुडपावर फेकला. सत्यभामाबाईंनी तो उचलला. मागून येताना त्या पाकिटंही गोळा करत होत्या.

"ई, काकू," प्राजक्ता म्हणाली, "हातानं काय उचलताय? कोणाचं उष्टं असेल ते."

"ज्याचं हाय त्यानं उचललं असतं तं मी काहून उचललं असतं?"

प्राजक्ता खांदे उडवून पुढं गेली. त्या वेळी पहिल्यांदा बाईंच्या पोटात काहीतरी हललं. त्यांना वाटलं, आलूबोंडा बाधला.

नाल्यापलीकडं थोडी उघडी जागा होती. मध्ये एक वाळका, छातीइतका उंच बुंधा आणि भोवती साग. ललितनं सगळ्यांना अर्धगोलात उभं केलं. कॅमेऱ्यांच्या तिपाया मांडल्या गेल्या. मग त्यानं पिशवीतून एक छोटा स्पीकर काढून झुडपात ठेवला आणि मोबाईलवरून आवाज लावला. रानपिंगळ्याची शीळ. एकदा, दोनदा, पुन्हा.

उत्तर आलं. सागाच्या शेंड्यावरून तसाच आवाज, पण जिवंत. आणि पाखरू खाली उतरलं.

बाईंनी दुर्बीण लावली. मूठभर जीव. पिवळे, गोल, रागीट डोळे. पायांवर पांढरी शुभ्र पिसं, जणू पायजमा घातलाय. शेपटी या बाजूनं त्या बाजूला झटकत ते आवाजाकडं पाहत होतं. त्या क्षणी बाईंना खरोखर आनंद झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी बिल्कीसचा हात घट्ट धरला.

पण ललित स्पीकर बंद करीना. शीळ चालूच. पाखरू या फांदीवरून त्या फांदीवर जायचं, गळा फुगवून ओरडायचं, पुन्हा शोधायचं. आपल्या हद्दीत कोण घुसलंय ते त्याला दिसत नव्हतं. हळूहळू त्याची चोच उघडीच राहायला लागली.

"बघा, चिडलाय," ललित समाधानानं म्हणाला. "आता जागा सोडणार नाही. मस्त."

बिल्कीस हळूच बोलली, "ताई, हे तं कोनाच्या दारात उभं राहून त्याले शिव्या देल्यासारखं झालं. बेचारा बाहेर येऊन पाहते तं कोनीच नाही."

बाईंनी दुर्बीण खाली केली. मग ललितनं भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा उघडला आणि शेपटीला धरून एक पांढरा उंदीर काढला. उंदराच्या मागच्या पायाला मासे धरायच्या गळाची पारदर्शक तंगूस बांधलेली होती. तिचं दुसरं टोक त्यानं बुंध्याला ठोकलेल्या खिळ्याला गुंडाळलं. खिळा आधीपासूनच तिथं होता. म्हणजे हा खेळ इथं पहिल्यांदा होत नव्हता.

उंदीर बुंध्यावर फिरायला लागला. कडेपर्यंत जायचा, तंगूस ताणली की मागं यायचा. पुढच्या पायांनी तोंड पुसायचा.

बाईंना उंदराची दया आली असं म्हणता येणार नाही. त्यांनी शिकताना असे उंदीर हातात धरले होते, सुया टोचल्या होत्या, मारलेही होते. आणि पिंगळा उंदीर खातो हे काय त्यांना कळत नव्हतं? पण भोवती उभ्या असलेल्या माणसांची तोंडं त्यांनी पाहिली. सगळ्यांचे ओठ किंचित सुटलेले, डोळे कॅमेऱ्याला चिकटलेले, आणि त्या तोंडांवर एक चमक. लग्नाच्या पंगतीत वाढप्याकडं पाहणाऱ्या माणसांची असते तशी. बाईंच्या तोंडात पाणी सुटलं. भुकेचं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं ते.

"सर, तो दोरा काढा," त्या म्हणाल्या. "त्याच्या पायात गुंतंल."

"श्श. मॅडम, प्लीज. आता आवाज नको."

पाखरू झेपावलं. सगळे कॅमेरे एकदम वाजायला लागले, पत्र्यावर खडे पडावेत तसे. त्यानं उंदीर पायांत धरला, उचलला, उडालं. आणि हातभर गेलं न गेलं तोच हिसका बसून खाली कोसळलं. तंगूस त्याच्या पायाभोवती फिरली होती. बुंध्याच्या बाजूला ते उलटं लोंबकळत होतं, डोकं खाली, पंख फडफडत, पंखांचे फटके लाकडावर बसत.

एकही कॅमेरा थांबला नाही.

"कोणी हलू नका," ललित दबक्या आवाजात म्हणाला. "सुटेल तो. फ्रेम सोडू नका."

सत्यभामाबाई हलल्या. गवत तुडवत, कॅमेऱ्यांच्या आडवं जात त्या थेट बुंध्यापाशी गेल्या. मागून कोणीतरी चिडून "अहो काकू, खाली बसा" म्हणालं. बाईंनी दोन्ही हातांनी पाखराला धरायचा प्रयत्न केला, तशा त्याच्या नख्या त्यांच्या तळहातात रुतल्या. चोचीनं अंगठ्याचं कातडं फाडलं. तेवढ्यात बिल्कीस धावत आली आणि तिनं आपली ओढणी पाखराच्या डोक्यावर टाकली. तिची आई कोंबडी धरताना असंच करायची. अंधार झाल्यावर पाखरू थबकलं.

"कैची हाय का कोनाजवळ?" बाईंनी विचारलं. कोणी जागचं हललं नाही. चाकू प्रत्येकाच्या पिशवीत असणार, सफरचंदं कापूनच खाल्ली होती सगळ्यांनी. पण पिशवीत हात घालायचा तर हातातला कॅमेरा सोडावा लागला असता.

बाईंनी वाट पाहिली नाही. त्या वाकल्या आणि तंगूस दातांनी तोडली. मेलेल्या उंदराचे केस ओठांना लागले, रक्ताची चव आली. उंदराचं का स्वतःच्या अंगठ्याचं, कोण जाणे. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांनी पायाभोवतीचे वेढे नखानं एकेक करून सोडवले. एक वेढा पांढऱ्या पिसांतून आत कातड्यापर्यंत गेला होता. तो काढताना ओढणीखालचं एवढंसं अंग थरथरलं, आणि त्या छातीची धडधड बाईंच्या दोन्ही तळहातांना लागली.

त्यांनी मान वर केली. समोर, चार हातांवर, प्राजक्ता मोबाईल धरून गुडघ्यावर बसली होती.

"काकू, ओढणी जरा बाजूला करा ना," ती गोड आवाजात म्हणाली. "आणि पक्षी थोडा वर धरा. चेहऱ्याजवळ. रक्त दिसू द्या हाताचं, छान येतंय."

बाई तिच्याकडं पाहत राहिल्या. पोरगी वाईट नव्हती. चांगल्या घरातली, देखणी, हसरी. तिला आपण काय बोलतोय ते कळतच नव्हतं. आणि हेच बाईंना सहन झालं नाही. पू भरलेल्या डबीत निदान रोग काय आहे ते दिसतं. इथं काय दिसत होतं? साफ धुतलेले चेहरे, पुसलेल्या काचा, महागडे बूट. आणि त्याच्या मागं काहीच नाही.

त्यांनी प्राजक्ताकडं पाठ केली, पाखरू सागाच्या खालच्या फांदीवर ठेवलं आणि बिल्कीसनं ओढणी हळूच ओढली. ते थोडा वेळ तिथंच राहिलं. एका पायावर. दुसरा पाय पोटाशी लोंबत होता. मग उडालं आणि झाडीत दिसेनासं झालं. पुढं त्याचं काय झालं, ते कोणालाच कळलं नाही.

दुपारी नाल्याकाठी जेवणं झाली. भरीत, भाकरी, ठेचा, शेवटी जिलबी. लोक एकमेकांच्या कॅमेऱ्यांत डोकावत होते. ललितला उडतानाचा फोटो हवा तसा मिळाला होता. पंख पूर्ण उघडे, पायांत उंदीर. "दोरा खोडून टाकला की झालं," तो म्हणाला. मग बाईंकडं वळून अगदी आपुलकीनं बोलला, "मॅडम, तुमचं बरोबर होतं. तंगूस वापरायला नको होती. पुढच्या वेळी सुती दोरा आणू." आणि जिलबीचा तुकडा तोंडात टाकला. पाक त्याच्या हनुवटीवर ओघळला.

बाईंनी आणलेल्या तिळाच्या पोळ्या पिशवीतच राहिल्या.

परतीच्या वाटेत, आसेगावच्या अलीकडं, बाईंनी गाडी थांबवायला सांगितली. कपाशीच्या शेताच्या कडेला त्या उकिडव्या बसल्या आणि ओकल्या. पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिल्या. जन्मात कधी ओकल्या नव्हत्या. गाडीतून हसण्याचा आवाज आला. कोणीतरी म्हणालं, वयाच्या मानानं जास्तच झालं. बिल्कीस पाठ चोळत होती. खुशालराव खाली उतरले, हातात पाण्याची स्वच्छ बाटली. त्यांनी ती बाईंच्या पुढं धरली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभे राहिले.

"मीबी फोटो काढत होतो," ते म्हणाले. "मोबाईलवर. हललो नाही जागचा."

बाईंनी चूळ भरली. 

दोन-तीन दिवसांत प्राजक्तानं व्हिडिओ टाकला. वर बासरीचं संगीत आणि मोठ्या अक्षरांत, 'रानवाटच्या सदस्यांनी वाचवले दुर्मीळ रानपिंगळ्याचे प्राण.' उंदीर, खिळा, स्पीकर यांतलं काहीच त्यात नव्हतं. तंगूस गवतात सापडलेली आहे, असं सांगितलं होतं. कोणी बेजबाबदार माणसानं टाकलेली. तो व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला. तिवस्याहून बाईंच्या बहिणीचा, सीमाचा फोन आला, "ताई, तू तं लई मोठी झाली." बाईंनी फोन ठेवला आणि गॅसवरचं वरण तसंच झाकून ठेवलं. हल्ली त्यांना घास गिळवत नव्हता. माणसं जेवताना पाहिली तर मुळीच नाही.

मग अकोल्याला सत्काराचं निमंत्रण आलं. बिल्कीस म्हणाली, "जाऊ नका. कोनाच्या तोंडाले लागता?"

"जाते," बाई म्हणाल्या. "मले ओकारी आली तवा सारे हासले. आता का आली थे सांगते."

सभागृह भरलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, ललितचं भाषण झालं. आवाज दाटला, चष्मा निघाला. बाईंना माइकसमोर उभं केलं. त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. स्पीकर, डबा, खिळा, तंगूस. कोण काय म्हणालं तेही. आवाज चढवला नाही. तपासणीचा निकाल वाचून दाखवावा तसं बोलल्या.

 प्रमुख पाहुण्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. ललित पुढं आला, बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाला, "मॅडमचं पक्ष्यांवर इतकं प्रेम आहे, की त्या प्रसंगाचा धक्का अजून ओसरलेला नाही. त्यांच्या भावनांना सलाम." आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं.

खांद्यावरचा तो हात बाईंना ब्लाउजमधून आत झिरपल्यासारखा वाटला. त्यांनी तो दोन बोटांनी उचलून बाजूला केला.

टाळ्या थांबल्या तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी उभं राहिलेलं दिसलं. खुशालराव. तोंडात खर्रा होता, तो त्यांनी रुमालात काढला. जवळच्या बाया सरकून बसल्या.

"बाई खरं सांगून रायल्या," ते म्हणाले. तोंड नीट उघडत नसल्यानं शब्द चेपून येत होते. "उंदीर सरांनी बांधला. मी होतो तिथं. माह्या मोबाईलमधी फोटो हाय, बांधतानीचा. कोनाले पाहाचा असंल तं पाहा."

कोणी पाहायला पुढं झालं नाही. कार्यक्रम आटोपता घेतला गेला.

पण बाईंनी तिथं सोडलं नाही. खुशालराव आणि बिल्कीसला घेऊन त्या वनखात्याच्या कार्यालयात गेल्या, लेखी तक्रार दिली, फोटो दिले. अधिकारी तरुण होता. त्यानं ऐकून घेतलं, जागेवर जाऊन पंचनामा केला. खिळा मिळाला. ललितचा स्पीकर आणि कॅमेरा जप्त झाला, गुन्हा नोंदला गेला. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. मग तारखा सुरू झाल्या आणि त्या अजून सुरू आहेत. ललितचे वर्ग भरतात. 'रानवाट' बंद झालं आणि महिन्याभरात दुसऱ्या नावानं सुरू झालं. माणसं बरीचशी तीच. बाईंमुळे चांगल्या मंडळाचं नाव खराब झालं, असं अमरावतीत म्हणणारे आहेत. प्राजक्तानं व्हिडिओ हटवला नाही, कारण तो अजून पाहिला जातो. खुशालरावांनी गाल दाखवला. औषध चालू आहे, खर्रा पूर्ण सुटलेला नाही.

थंडी पडल्यावर ललितचा बाईंना फोन आला. त्याचा आवाज होता तसाच, लोण्यासारखा. "मॅडम, झालं गेलं विसरून जाऊ. केस आपल्या जागी. पट्टकदंब हंस आलेत तलावावर, आम्ही रविवारी निघतोय. तुमच्यासाठी जागा ठेवलीय."

त्याला राग नव्हता, लाज नव्हती, भीतीसुद्धा नव्हती.  बाईंनी फोन बंद केला, मोबाईल ओट्यावर पालथा ठेवला आणि मोरीत जाऊन कान धुतला.

एका सकाळी वडाळीच्या काठावर त्या आणि बिल्कीस उभ्या होत्या. फिरायला आलेलं एक तरुण जोडपं जवळ आलं. पोरगी म्हणाली, "तुम्ही त्या घुबडवाल्या काकू ना? किती छान काम केलंत. एक फोटो घेऊ तुमच्यासोबत?" विचारता विचारताच तिनं मोबाईल वर धरला होता.

"नाही," बाई म्हणाल्या.

"एकच, काकू."

"नाही म्हटलं ना, बाई."

पोरीचं तोंड उतरलं. नवरा पुटपुटला, काय शिष्टपणा आहे, आणि दोघं पुढं गेली. बिल्कीसनं त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडं पाहिलं. मग म्हणाली, "ताई, त्या बच्चीचा काय कसूर?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तिचा काही कसूर नाही. पन मोबाईल वर आला का मले अजूनबी मळमळते. काय करू?"

बिल्कीसनं पिशवीतून डबा काढला. घरून शिरा करून आणला होता. दोघी बांधावर बसल्या. बाईंनी आधी आजूबाजूला कोणी आहे का ते पाहिलं, मग पाण्याकडं तोंड करून सावकाश एक घास खाल्ला, आणि थोड्या वेळानं दुसरा.